शब्दाची साक्ष

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवावा कसा, हा प्रश्न विद्यार्थी वर्षानुवर्षें विचारीत आले आहेत. आणि त्यावर त्यांचा एक उपायही ठरलेला असतो. वहीच्या पानाचे दोन भाग करावयाचे, डावीकडे अवघड शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ, आणि रोज वीसपंचवीस शब्द तोंडपाठ करावयाचे. वहीची जागा आतां मोबाइलनें घेतली असली, तरी रीत तीच आहे. विद्यार्थिदशेंत आम्हींही अशी एक वही बाळगली होती. तींत 'एनॉर्मिटी' या शब्दापुढें 'प्रचंडपणा' एवढाच अर्थ लिहिलेला होता. एका वृद्ध अध्यापकांच्या निरोपसमारंभांत आम्हीं मोठ्या भक्तिभावानें त्यांच्या कार्याच्या 'एनॉर्मिटी'चा गौरव केला! शिष्ट इंग्रजींत त्या शब्दाचा रूढ अर्थ 'घोर दुष्कृत्य' असा आहे, हें सभेंतील जाणत्या मंडळींच्या चेहऱ्यांवरून आमच्या ध्यानांत आलें. ज्यांच्याविषयीं मनांत केवळ आदर होता, त्यांनाच आम्हीं भरसभेंत पातकी ठरविलें होतें. ते सद्गृहस्थ रागावले नाहींत. समारंभ संपल्यावर त्यांनीं जवळ बोलावून एवढेंच विचारलें, "अरे, हा शब्द तुला भेटला कोठें?" या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. तो शब्द आम्हांला कोणत्याच वाक्यांत भेटलेला नव्हता. पुढें इंग्रजी कोशांचा इतिहास वाचतांना असें दिसून आलें कीं, हा साधा प्रश्न विचारावयास शिकण्यासाठीं खुद्द इंग्रजांच्या कोशकारांनाही दीडशें वर्षें लागलीं.

सोळाव्या शतकांत ग्रीक व लॅटिन विद्येचें पुनरुज्जीवन झालें आणि त्या भाषांतील शब्दांचा लोंढा इंग्रजींत शिरला. या शब्दांनीं भाषा संपन्न झाली. पण विद्वत्ता मिरविण्याची हौसही बळावली. अशा शब्दांस 'दौतींतले शब्द' म्हणून लोक हिणवूं लागले. टॉमस विल्सन यानें १५५३ सालीं आपल्या वक्तृत्वशास्त्रावरील ग्रंथांत असल्या शब्दांनीं ठासून भरलेलें एक पत्र थट्टेसाठीं छापलें. मौज अशी कीं, त्यांतील 'सेलिब्रेट' व 'डेक्स्टेरिटी' हे शब्द आज शाळेंतील मुलांच्याही ओळखीचे आहेत, आणि 'इन्जेंट' या शब्दाचें नांवही कोणास ठाऊक नाहीं. कोणता शब्द जगेल आणि कोणता मरेल, हें पंडितांच्या हौसेनें ठरलें नाहीं, विल्सनच्या उपहासानेंही ठरलें नाहीं. तें लोकांच्या वापरानें ठरलें.

या लोंढ्यांतून वाट काढण्यासाठीं १६०४ सालीं रॉबर्ट कॉड्री नांवाच्या शिक्षकानें 'टेबल आल्फाबेटिकल' हें लहानसें पुस्तक काढलें. केवळ इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजींतच देणारा हा पहिला छापील कोश होय. त्यांत सुमारें अडीच हजार 'कठीण' शब्द होते, आणि ज्यांस लॅटिनचें शिक्षण मिळालेलें नव्हतें अशा स्त्रियांसाठीं व इतर अनभिज्ञ जनांसाठीं तो रचला होता. शब्द, आणि त्यापुढें दोनचार शब्दांत अर्थ. उदाहरण असें नाहींच. त्याच्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत आज ऑक्सफर्डच्या बोडलेयन ग्रंथालयांत उरली आहे. परंतु त्याचा वंश मात्र फार विस्तारला. आमची ती वही त्याच कुळांतली.

ही परंपरा मोडली ती डॉक्टर जॉन्सननें. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'मुळें हें नांव मराठी वाचकांस फार दिवसांपासून परिचित आहे. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांशीं १७४६ सालीं करार करून त्यानें १५७५ पौंडांत हें काम अंगावर घेतलें, आणि तीन वर्षांत पुरें करूं असें सांगितलें. ग्रंथ प्रसिद्ध व्हावयास १७५५ साल उजाडलें. मध्यंतरीं १७५२ त त्याची पत्नी वारली. गॉफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर सहा लेखनिक बसवून हें काम चालत असे. त्याची पद्धति अशी होती: आधीं ग्रंथ वाचावयाचे, त्यांत डोळ्यांत भरलेल्या शब्दाखालीं पेन्सिलीनें रेघ ओढावयाची, आणि लेखनिकांनीं तें सबंध वाक्य कागदावर उतरून घ्यावयाचें. वाक्यें आधीं, व्याख्या मागून! सुमारें बेचाळीस हजार शब्दांसाठीं त्यानें एक लाखाहून अधिक अवतरणें छापलीं. 'टेक' या पोरासोरांच्या तोंडच्या क्रियापदाचे शंभराहून अधिक अर्थ त्यास वेगळे करावे लागले. खरा कठीण शब्द कोणता, याचें उत्तर येथें कॉड्रीच्या अगदीं उलट मिळालें. भाषेला स्थिर करून ठेवावें या उमेदीनें जॉन्सन कामास लागला होता. पण भाषा कोणत्याही कोशकारास बांधून ठेवतां येत नाहीं, अशी प्रांजळ कबुली त्यानें प्रस्तावनेंत दिली. इतकीं वाक्यें ज्याच्या हातांखालून गेलीं, त्याला दुसरें कांहीं म्हणतांच येणार नव्हतें.

जॉन्सनची ही पद्धति परिणतीस गेली ती ऑक्सफर्डच्या महाकोशांत. १८५७ सालीं रिचर्ड ट्रेंच यांनीं लंडनच्या भाषाशास्त्रविषयक मंडळापुढें तत्कालीन कोशांतील उणिवा दाखविल्या. प्रत्येक शब्दाचें चरित्र सांगणारा कोश हवा, हें त्यांच्या विवेचनाचें सार होतें. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षीं १८६१ त वारले. १८७९ सालीं काम जेम्स मरे यांच्याकडे आलें. हे एका शिंप्याचे चिरंजीव, चौदाव्या वर्षीं शाळा सुटलेले. त्यांनीं इंग्रजी वाचणाऱ्या सर्व जगास आवाहन केलें कीं, आपापल्या वाचनांतील वाक्यें, ग्रंथाचें नांव व सालासह, चिठ्ठ्यांवर उतरून पाठवा. पूर्वीं जमलेल्या चिठ्ठ्या तपासतांना त्यांस एक विलक्षण गोष्ट आढळली. 'अब्यूजन' या जुनाट शब्दाचीं सुमारें पन्नास उदाहरणें होतीं. आणि 'अब्यूज' या रोजच्या शब्दाचीं पांचही नव्हतीं! वाचकांनीं दुर्मिळ शब्द वेंचले होते, आणि ज्यांवर भाषेचा सगळा व्यवहार चालतो ते शब्द तसेच सोडून दिले होते. हा दोष आमच्या विद्यार्थ्यांतच आहे असें नव्हे, हें वाचून थोडें समाधान वाटतें. १८८४ सालीं पहिला भाग निघाला. मरे १९१५ त निवर्तले. ग्रंथ १९२८ त पुरा झाला. त्यांत चार लाखांहून अधिक शब्द आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणें होतीं.

ट्रेंचनीं तीं व्याख्यानें दिलीं त्याच १८५७ सालीं मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ति निघाली. पहिली १८३१ ची. एतद्देशीय पंडितांच्या साहाय्यानें सिद्ध झालेल्या या कोशांतही शब्दाबरोबर त्याचे वाक्प्रचार व म्हणी दिलेल्या आहेत. म्हणूनच तो अजून जुना झालेला नाहीं. 'हात' म्हणजे काय हें परकीयास एका शब्दांत सांगतां येईल. पण हात देणें, हात दाखविणें, हात मारणें आणि हात टेकणें यांतील अंतर त्याला त्या एका शब्दावरून कसें कळावें? आपल्या भाषेविषयीं जें आपल्याला सांगावें लागत नाहीं, तेंच इंग्रजीपुढें बसलों कीं आपण विसरतों.

याचा अर्थ व्याख्या निरुपयोगी आहे असा नाहीं. व्याख्या हा न्यायाधीशाचा निकाल आहे, आणि वाक्य ही साक्ष. साक्ष न ऐकतां नुसता निकाल पाठ करणारा मनुष्य पुढच्या खटल्यांत हटकून फसतो. यासाठीं वही ठेवावी, पण जॉन्सनच्या क्रमानें ठेवावी. प्रथम वाचनांत भेटलेलें सबंध वाक्य, तें कोणाचें व कोणत्या पुस्तकांतलें हें लिहावें. मग संदर्भावरून स्वतः अर्थ बांधावा. आणि शेवटीं कोश उघडून तो ताडून पाहावा. दिवसाला पंचवीस शब्द अशा रीतीनें होणार नाहींत, तीनचार होतील. पण जे होतील ते ऐन सभेंत दगा देणार नाहींत.

ते वृद्ध अध्यापक आतां हयात नाहींत. त्यांची क्षमा मागावयाचें त्या वेळीं संकोचामुळें राहून गेलें, तें राहिलेंच. एखादा विद्यार्थी अवघड शब्द घेऊन आमच्याकडे आला, म्हणजे अर्थ सांगण्यापूर्वीं आम्ही त्याला त्यांचाच प्रश्न विचारतों; आणि त्यानें वाक्य दाखविलें, म्हणजे मगच दोघे मिळून कोश उघडतों.