बदकाच्या रक्तातील दाम्पत्य

चपट्या कृमींत नर आणि मादी असा भेद सहसा आढळत नाही. मेंढीच्या यकृतातील पर्णकृमी एकाच देहात दोन्ही लिंगे बाळगतो. शिस्टोसोमाचे कुळ मात्र या रूढीला अपवाद ठरले. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याने १८५१ मध्ये कैरोत शवविच्छेदन करताना हे कृमी रक्तवाहिनीत पाहिले. रुंद नराच्या देहावरील खोबणीत सुतासारखी मादी वसलेली असते, आणि ही मिठी आयुष्यभराची असते.

महाराष्ट्राला या कुळाच्या मानवी केंद्राची ओळख १९५२ मध्ये झाली. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी गाडगीळ आणि शाह यांनी मानवी शिस्टोसोमाचे केंद्र शोधले आणि पुढे फेरिसिया ही चिमुकली गोगलगाय त्याची वाहक ठरवली. याच कुळातील ट्रायकोबिल्हार्झिया बदकांच्या रक्तात राहतो. त्याच्या अळ्या चुकून माणसाच्या कातडीत शिरतात, तिथेच मरतात आणि मागे खाज ठेवून जातात. ही खाज अशा अळ्यांमुळेच उठते, हे कॉर्ट यांनी १९२८ मध्ये मिशिगनच्या सरोवरावर दाखवले.

हे लिंगभेद ठरवतो कोण? शॉर्ट आणि मेंझेल यांनी १९६० मध्ये नऊ जातींची गुणसूत्रे मांडली. मानवी शिस्टोसोमात आठ जोड्या असतात; नरात झेड-झेड, मादीत झेड-डब्ल्यू. बदकांच्या कृमींतही हीच रीत दिसते. गंमत अशी की, यजमान बदकातही मादीच झेड-डब्ल्यू असते! यात नातेसंबंध काही नाही. दोन दूरच्या वंशांनी स्वतंत्रपणे काढलेली ती एकच वाट आहे.

परंतु गुणसूत्राने मादी ठरली, तरी ती प्रौढ होत नाही. नराचा सहवास न मिळाल्यास ती खुरटी राहते, अंडी घालत नाही. एका अंड्यातून निघालेली अळी गोगलगाईत शिरून हजारो अळ्या निर्माण करते, त्या सर्व एकाच लिंगाच्या. म्हणजे जोडपे जुळण्यासाठी यजमानाला किमान दोन वेगवेगळ्या अंड्यांची संतती भेटावी लागते. रोग मात्र मुख्यतः अंड्यांमुळे होतो, म्हणून ही जुळणी रोखणे हाही प्रतिबंधाचा एक विचार आहे.

बंगळुरूच्या इनस्टेम संस्थेत प्लानेरिया या मुक्त जगणाऱ्या चपट्या कृमीच्या मूलपेशींवर काम चालते. २०१३ मध्ये शिस्टोसोमातही तशाच पेशी सापडल्या. रक्तात वर्षानुवर्षे टिकणारा हा कृमी स्वतःची डागडुजी करतो, ती याच पेशींच्या बळावर.