खेळावर पोट भरणारी स्त्री



'धंदेवाईक' हा शब्द आपण सहसा आदराने उच्चारीत नाही. धंदेवाईक नट, धंदेवाईक पुढारी असे म्हणताना बोलणाराच्या स्वरात किंचित तुच्छता उतरतेच. द्रव्याची अपेक्षा न धरता खेळणारा तो हौशी आणि म्हणून थोर. खेळावर चरितार्थ चालविणारा तो कमी प्रतीचा, ही समजूत पाश्चात्यांतही होती. तिकडे तर तिला नियमांचे पाठबळ होते. या नियमांची झळ कोणाला लागली हे पाहावयाचे असेल, तर बेब डिड्रिक्सन-झहारियास या अमेरिकन खेळाडूचे चरित्र पाहावे.

मिल्ड्रेड डिड्रिक्सन ऊर्फ बेब हिचा जन्म 1911 साली टेक्सास प्रांतातील पोर्ट आर्थर येथे झाला. आईबाप नॉर्वेहून आलेले. वडील सुतारकाम करीत. मुले बरीच, मिळकत बेताची. डॅलसच्या एका विमा कंपनीने तिला नोकरी दिली, ती मुख्यतः कंपनीच्या बास्केटबॉल संघासाठी. 1932 च्या राष्ट्रीय मैदानी स्पर्धांत कंपनीतर्फे ती एकटीच उतरली. एका दुपारी आठ प्रकारांत भाग घेऊन तिने 30 गुण मिळविले. दुसऱ्या आलेल्या अख्ख्या संघाचे गुण होते 22. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भालाफेक आणि 80 मीटर अडथळ्यांची शर्यत यांत तिला सुवर्णपदके मिळाली, उंच उडीत रौप्यपदक मिळाले.

पदके मिळाली, पण पदकांनी चूल पेटत नाही. वर्षअखेर एका मोटारीच्या जाहिरातीत तिचे नाव व छायाचित्र झळकले आणि हौशी खेळाडूंच्या संघाने तिला बाद ठरविले. ही बंदी पुढे उठली. तथापि तोवर तिने धंदेवाईक होण्याचा निश्चय केला होता. रंगमंचावर हार्मोनिका वाजविणे, दाढीवाल्या पुरुषांच्या बेसबॉल संघाबरोबर गावोगाव हिंडणे, असली कामे तिने केली. ज्या स्त्रीला जगाने वीरांगना म्हणून डोक्यावर घेतले, तिला पोटासाठी तमाशाची वस्तू व्हावे लागले!

मग ती गोल्फकडे वळली. मैदानातील अठरा खळग्यांत चेंडू कमीत कमी फटक्यांत घालावयाचा, असा हा खेळ. तो प्रायः श्रीमंतांच्या क्लबांतला. 1935 साली तिने टेक्सासची स्त्रियांची हौशी स्पर्धा जिंकली आणि लगोलग अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने तिला हौशी स्पर्धांतून वगळले. कारण, अन्य खेळांत तिने पैसे घेतले होते! आता यातील मेख पाहा. त्या काळी स्त्रियांच्या बहुतेक मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंसाठीच असत. म्हणजे धंदेवाईक म्हणून हौशी स्पर्धांत जागा नाही, आणि धंदा करू म्हटले तर धंद्याला स्पर्धा नाहीत.

1938 साली कुस्तीगीर जॉर्ज झहारियास याच्याशी तिचा विवाह झाला. घरची स्थिती सुधारली, तेव्हा मोबदला न घेता खेळण्याची ठराविक मुदत काढून 1943 साली तिने हौशीपण परत मिळविले. हौशी राहण्यासाठीसुद्धा आधी पैसा लागतो, हे तिच्याच उदाहरणाने सिद्ध झाले. 1946 साली ती अमेरिकेची हौशी विजेती झाली. 1947 साली स्कॉटलंडमधील गलेन येथे तिने ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकले. 1893 पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेतली ती पहिली अमेरिकन विजेती. आणि त्याच वर्षी तिने पुन्हा धंदेवाईक होण्याचे जाहीर केले.

1950 साली तेरा स्त्रियांनी मिळून धंदेवाईक महिला गोल्फपटूंची संघटना स्थापली. पॅटी बर्ग, लुईस सग्स यांच्याबरोबर बेबही संस्थापकांत होती. या बायका मोटारी हाकीत गावोगाव जात, मैदान स्वतः आखीत, हिशेबही स्वतःच ठेवीत. बेबच्या स्वभावात फुशारकी होती आणि ती सहकारी खेळाडूंना नेहमी रुचे असे नाही. परंतु प्रेक्षक येत ते बहुधा तिला पाहावयास, आणि प्रेक्षकांवाचून बक्षिसाची रक्कम उभी राहणार कोठून?

1953 च्या एप्रिलमध्ये तिला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले व मोठी शस्त्रक्रिया झाली. ज्या दुखण्याचे नाव लोक दबल्या आवाजात घेत, ते तिने उघडपणे सांगितले आणि त्याविरुद्धच्या प्रचारकार्यात भाग घेतला. काही महिन्यांतच ती मैदानावर परतली. 1954 च्या जुलैमध्ये मॅसॅच्युसेट्समधील सेलम क्लबच्या मैदानावर अमेरिकेची खुली स्पर्धा तिने बारा फटक्यांच्या फरकाने जिंकली. शेवटच्या एकाच दिवशी छत्तीस खळगे खेळावयाचे होते, हे ध्यानात घ्यावे. पुढे रोग उलटला. 27 सप्टेंबर 1956 रोजी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिचे निधन झाले.

तिने ज्या भिंतीवर डोके आपटले, ती पुढे हळूहळू ढासळली. 2016 साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचे गोल्फ पुन्हा आले, तेव्हा धंदेवाईक खेळाडूंना मज्जाव नव्हता. आपली अदिती अशोक त्याच वर्षी धंदेवाईक झाली होती आणि तरीही, अवघ्या अठराव्या वर्षी, भारताच्या नावाने तेथे खेळली. तिला कोणी कमी लेखले नाही. हौस ही गोष्ट चांगली खरीच. पण ती परवडणाऱ्यांनी, न परवडणाऱ्यांच्या घामाला हीन म्हणू नये. बेबच्या चरित्रातून घ्यावयाचा बोध हाच आहे.