टाळूची जखम: कलमाच्या इतिहासातली विसरलेली बाजू

शरीराच्या एका जागेचं कातडं काढून दुसरीकडं लावायचं, हा इतिहास आपण बहुधा अर्धाच सांगतो. जिथं लावलं, ती जागा लक्षात राहते. जिथून काढलं, तिचं पुढं काय झालं हे कुणी विचारत नाही. आपल्या बुलढाण्यात हिरडी खाली सरकून दातांची मुळं उघडी पडलेली माणसं कमी नाहीत. त्यांना डॉक्टर सांगतात की टाळूचा तुकडा काढून हिरडीला लावू. ऐकणारा घाबरतो तो टाळूला, हिरडीला नव्हे. म्हणून आज आपण टाळूकडून हा इतिहास बघू.

सुरुवात पुण्यापासून करावी लागते. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. साधारण वर्षभरानं पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिरानं त्याला नवं नाक बसवून दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझीन'नं ही हकिकत छापली. नाकाच्या मापाचा मेणाचा पातळ पत्रा कपाळावर सपाट ठेवून रेघ आखली, तेवढं कातडं सोडवलं, दोन डोळ्यांच्या मधली चिंचोळी पट्टी मात्र जोडलेली ठेवली आणि कातडं खाली वळवून बसवलं. सांध्यावर कात लावलेल्या फडक्याच्या पट्ट्या. हो, पानातला तोच कात! चार दिवसांनी तुपात भिजवलेली फडकी, आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती पट्टी कापली. नाकाबद्दल एवढा तपशील आहे. आणि कपाळाबद्दल? काही काळानं वण फारसा दिसत नाही, एवढंच.

आता बघा, कावसजीचं नाक म्हणजे आंब्याचं भेटकलम. जीव धरेपर्यंत फांदी मूळ झाडाला जोडलेली. टाळूचा तुकडा म्हणजे आपल्या वऱ्हाडातल्या संत्र्याचा डोळा, पार तोडून आणलेला. पहिले काही दिवस तो खालच्या रसावर जगतो, मग त्यात रक्तवाहिन्या शिरतात. स्वीडनच्या ब्यर्न यांनी १९६३ मध्ये हे हिरडीवर करून दाखवलं. १९६८ मध्ये अमेरिकेत सुलिव्हन आणि ॲटकिन्स यांनी त्याची रीत सविस्तर मांडली. नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय त्याच वर्षीचं.

पण या रीतीत टाळूवर उघडी जखम राहायची. काढलेला थर दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे फार नाही. तरी जागा अशी की जीभ दिवसभर तिथंच फिरते. आधी रक्ताची गुठळी बसते. मग पिवळट-पांढरा थर येतो, ज्याला लोक पू समजून घाबरतात. तो पू नसतो, आणि खरवडायचा तर अजिबात नसतो. त्याच्याखाली नवं लालसर मांस धरतं, कडांकडून कातडी सरकत येते, आणि दोन ते चार आठवड्यांत जखम झाकली जाते. तोवर ज्वारीची कडक भाकरी आणि ठेचा बंद. आपल्याकडं ही शिक्षा मोठीच, नाही का? दाढेमागच्या भागात मोठी रक्तवाहिनी असते, त्यामुळं रक्त आलं तर ओली गॉज बोटानं दाबून धरायची, चुळा भरत बसायचं नाही.

मग डॉक्टरांचं लक्ष हळूहळू टाळूकडं वळलं. १९७४ मध्ये एडेल यांनी वरची कातडी दारासारखी उघडून आतला थर तेवढाच काढला आणि दार पुन्हा शिवलं. १९९९ मध्ये ह्युर्झेलर आणि वेंग यांनी एकाच चिरेतून ते जमवलं. ही सरळ प्रगती वाटते, पण आम्हाला ती तितकी सरळ वाटत नाही. झाकलेलं दार कधी रक्ताअभावी मरतं आणि खालची जखम उघडी पडते. इटलीच्या झुकेली यांनी २०१० मध्ये दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा रुग्णांनी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांत लक्षणीय फरक निघाला नाही. दार मेलं तिथं मात्र गोळ्या जास्त लागल्या, आणि तुकडा किती खोल काढला यावरही त्रास ठरला. म्हणजे हत्याराइतकीच हाताची बेताची खोली महत्त्वाची.

टाळूवर आज कुणी कात लावत नाही. प्लास्टिकची पट्टी बसवतात, किंवा रुग्णाचंच रक्त फिरवून काढलेली फायब्रिनची चकती ठेवतात. ही चकती फ्रान्समध्ये शुकरून यांनी २००१ मध्ये पुढं आणली.

राहिली तंबाखू. ओठाआड चिमूट जिथं रोज ठेवतो, तिथलीच हिरडी सरकते, आणि शस्त्रक्रियेनंतर निकोटिन रक्तवाहिन्या आवळून टाळूही लवकर भरू देत नाही. विडी ओढणाऱ्याचंही तेच. त्यामुळं तुकडा काढायची तारीख ठरवण्याआधी चिमूट बंद करायची तारीख ठरवावी लागते. डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्नही तोच: किती आधीपासून?