शिक्षकांना घडविणारा संत

आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरांत शिक्षकी पेशाची परंपरा आहे. तरीही समस्त शिक्षकांचे आश्रयदाते संत कोण, असा प्रश्न विचारला तर उत्तर चटकन मिळेलच असे नाही. हा मान पोप बारावे पायस यांनी १५ मे १९५० रोजी संत जॉन बाप्तिस्त द ला साल यांना दिला. ७ एप्रिल हा त्यांचा स्मरणदिन. वर्ग प्रसन्न कसा ठेवावा, मुलांचे मन अभ्यासात कसे रमवावे, या गोष्टी उद्याच्या शिक्षकाला आधी शिकवाव्या लागतात, हे त्यांनी तीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते. म्हणूनच त्यांच्या कार्याचा इतिहास आपण पुन्हा एकदा चाळून पाहणे अगत्याचे ठरते.

ला साल यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजी फ्रान्समधील रँस या नगरीत एका सधन व प्रतिष्ठित कुटुंबात झाला. सोळाव्या वर्षीच ते तेथील कॅथेड्रलचे कॅनन झाले आणि १६७८ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मान, पैसा आणि विद्वत्ता यांपैकी कशाचीही वाण त्यांना नव्हती. १६७९ मध्ये आद्रियाँ नियेल नावाचे एक गृहस्थ गरीब मुलांसाठी शाळा काढण्याच्या हेतूने रँसमध्ये आले. ला साल यांनी त्यांना साहाय्य केले, ते केवळ परोपकार म्हणून. शाळा सुरू झाल्या. पण त्या चालविणारे शिक्षक स्वतःच अर्धशिक्षित व दिशाहीन होते. त्या काळी गरिबांच्या शाळेतील मास्तराला समाजात काडीचीही किंमत नव्हती. आपण या माणसांना घरच्या नोकराहूनही खालचे समजत होतो आणि पुढे त्यांच्यासोबत राहावे लागणार हे आधी कळले असते तर या कामाला हातच घातला नसता, असे ला साल यांनी नंतर प्रांजळपणे लिहून ठेवले आहे.

शाळा सुधारायची तर आधी शिक्षक घडला पाहिजे, हे त्यांच्या ध्यानी आले. १६८१ मध्ये त्यांनी या शिक्षकांना आपल्या राहत्या घरी आणले. नातेवाइकांनी नाके मुरडली. शिक्षकांनाही उद्याची भ्रांत होतीच. देवाच्या कृपेवर भरवसा ठेवा असे सांगणे तुम्हांला सोपे आहे, तुमचे उत्पन्न कायमचे आहे. शाळा बुडाल्या तर रस्त्यावर येऊ ते आम्ही, असे त्यांनी ला साल यांना सुनावले. हे बोल त्यांच्या जिव्हारी लागले. १६८३ मध्ये त्यांनी कॅननपदाचा त्याग केला आणि पुढे आलेल्या दुष्काळात आपली संपत्ती गोरगरिबांच्या भाकरीसाठी वाटून टाकली. आता ते आणि त्यांचे शिक्षक एकाच पंगतीत बसले. यातूनच 'ख्रिस्ती शाळांचे बंधू' हा व्रतस्थ संघ उदयास आला. १६८५ च्या सुमारास खेड्यांतील शाळांसाठी शिक्षक तयार करणारे विद्यालयही त्यांनी सुरू केले. अशा प्रकारच्या युरोपातील आरंभीच्या संस्थांत त्याची गणना होते.

त्यांच्या वर्गात नवीन असे काय होते? तत्कालीन पद्धतीत मास्तर एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवी आणि तोवर बाकीची मुले रिकामी बसत. मग गोंधळ होई आणि छडी चाले. ला साल यांनी मुलांच्या प्रगतीनुसार गट पाडले. एका गटातील सर्वांच्या हाती एकच पुस्तक असे. एक जण मोठ्याने वाची, इतर मनातल्या मनात त्याच्यामागून जात आणि पुढचे वाक्य वाचण्याची पाळी कोणावरही येऊ शकत असे. त्यामुळे साऱ्या वर्गाचे लक्ष धड्यावर राही. वर्गातील लहानसहान कामे मुलांकडे सोपविलेली असत. सकाळची न्याहारी मुले शाळेतच घेत. जेवतानाची शिस्त तेथेच शिकविली जाई आणि ज्यांनी काही आणले नसेल त्यांच्यासाठी उरलेली भाकरी टोपलीत गोळा केली जाई.

दुसरा बदल भाषेचा. वाचनाची सुरुवात लॅटिनपासून करण्याचा प्रघात मोडून ला साल यांनी ती फ्रेंचपासून केली. त्यांचा युक्तिवाद व्यवहारी होता. गरिबाचे मूल लवकरच कामाला लागते. लॅटिनने आरंभ केला तर ते कोणतीच भाषा वाचू न शकता शाळा सोडते. उलट मातृभाषा वाचता आली की पुढे लॅटिनही सुलभ होते. मुलांना कोणत्या माध्यमात घालावे, याचा खल आपल्याही घराघरांत चालतो. त्या वेळी हा युक्तिवाद आपण आठवणीत ठेवावा.

हे सारे अनुभव 'ख्रिस्ती शाळांचे संचालन' या ग्रंथात ग्रथित झाले. १७०६ पासून तो हस्तलिखित रूपात वापरात होता. छापून निघाला तो १७२० मध्ये. मुले शाळेत का येत नाहीत, याची कारणे त्यात नोंदविली आहेत. त्यांतले एक कारण शिक्षकाच्या पदरात टाकलेले आहे: तो मुलांशी रुक्षपणे वागतो, त्यांची मने जिंकत नाही, म्हणून मुलांना त्याच्याविषयी ओढ वाटत नाही. नवोदित शिक्षकाने कोणते दोष टाकावेत, हेही तेथे सांगितले आहे: वटवट, उतावीळपणा, कठोरपणा, पक्षपात, निरुत्साह. त्या ग्रंथाने शारीरिक शिक्षा पूर्णतः वर्ज्य केली नाही, हे इतिहासाला स्मरून सांगितले पाहिजे. परंतु शिक्षा विरळ असावी, रागाच्या भरात कधीही देऊ नये आणि मुलाला अपशब्द बोलू नये, असे निर्बंध त्याने घातले. त्या शतकात हेदेखील मोठे धाडस होते.

या कार्याला विरोधही झाला. पॅरिसमध्ये शुल्क घेऊन लेखन शिकविणाऱ्या मास्तरांनी त्यांना न्यायालयात खेचले. १७०४ मध्ये त्यांच्या शाळेतील सामान जप्त झाले. काही सहकारीही सोडून गेले. तरीही काम थांबले नाही. ७ एप्रिल १७१९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, रूआँ येथे त्यांनी देह ठेवला. पोप तेरावे लिओ यांनी १९०० मध्ये त्यांना संतपद बहाल केले.

'दुसरे काही जमले नाही म्हणून शिक्षक झाला', असे उद्गार आजही आपल्या कानांवर पडतात. रँसमधील प्रतिष्ठितांचे मतही याहून निराळे नव्हते. ला साल यांनी त्याच मास्तरांना आपल्या पंगतीला बसविले, तेव्हा कुठे गरिबांच्या वर्गात आनंद शिरला. अध्यापक विद्यालयाची वाट धरणाऱ्या आपल्या मुलामुलींना खेळ, गाणी, तक्ते, नवनवी साधने हे सर्व मिळेल आणि मिळायलाच हवे. मात्र त्यांच्या निवडीविषयीचा आदर त्यांना प्रथम घरातून आणि धर्मग्रामातून मिळाला पाहिजे. जो समाज आपल्या शिक्षकाला मान देत नाही, त्याने आपल्या मुलांच्या वर्गात प्रसन्नता नांदावी अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?