आर पॅकेजच्या टेस्टला नमुना डेटा कशाला?

महाराष्ट्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की त्या महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात. पीक नुकसानीच्या मदतीत हा आकडा कळीचा. समजा, नांदगाव खंडेश्वर तालुक्यातल्या मंडळांचा पाऊस तपासणारं आर पॅकेज लिहिलं. ‘पेक्षा जास्त’च्या जागी ‘किंवा जास्त’चं चिन्ह पडलं, तरी निकाल फिरतो.

म्हणून पॅकेजच्या ‘टेस्ट्स’ फोल्डरमध्ये चारच नोंदी ठेवायच्या: ६४.९, ६५, ६५.१ आणि एक रिकामी. उत्तर आधी हातानं काढायचं: अतिवृष्टी एकदाच, ६५.१ला. कोड बदलला की टेस्ट चालवायच्या. हॅडली विकहॅम यांचं ‘टेस्टदॅट’ पॅकेज उत्तर जुळतं का ते सांगतं.

रिकामी नोंद मात्र विसरू नये. पर्जन्यमापक बंद होता म्हणजे पाऊस शून्य होता, असं नाही.