जनतेचा नकार आणि पुढाऱ्यांचा खुलासा

कोकणात देवाला कौल लावण्याची चाल आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. गुरव देवाच्या अंगावर कळ्या किंवा तांदूळ लावतो, गाऱ्हाणे घालतो, आणि सगळे जण श्वास रोखून पाहत राहतात. उजवा प्रसाद झाला तर काम हाती घ्यावे, डावा झाला तर थांबावे, असा संकेत. पण डावा कौल आल्यावर माणसे काय करतात, हे पाहण्यासारखे असते. एखादा मुकाट्याने नमस्कार करून घरी जातो. दुसरा म्हणतो, "गाऱ्हाणं नीट घातलं गेलं नसेल, पुन्हा एकदा लावा." आणि तिसरा देवाला विचारायचेच सोडून देतो.

आज मला आपल्याशी बोलायचे आहे ते राज्यघटनेच्या प्रश्नावर लावलेल्या कौलाविषयी. त्याला आपण सार्वमत म्हणतो. आपल्या देशात घटनादुरुस्ती संसदेत होते; तिच्यासाठी तुम्हां-आम्हांला मतपेटीकडे जावे लागत नाही. फ्रान्स आणि आयर्लंड या देशांत मात्र असा प्रश्न थेट लोकांपुढे नेण्याची रीत आहे. लोक 'हो' म्हणाले तर सगळे सुरळीत. लोक 'नाही' म्हणाले, म्हणजे पुढाऱ्यांना टीव्हीसमोर येऊन खुलासा करणे आले. त्या खुलाशातून आणि तो ऐकून लोकांना काय वाटले त्यातून त्या देशाची जेवढी ओळख पटते, तेवढी निवडणुकीच्या आकड्यांतूनही पटत नाही.

आधी थोडे मागे जाऊ. दुसरे महायुद्ध संपल्यावर फ्रान्समध्ये नवी राज्यघटना तयार झाली. ५ मे १९४६ रोजी ती लोकांपुढे ठेवली आणि लोकांनी ती फेटाळली. मग काय केलं? जूनमध्ये घटनासमिती नव्याने निवडली, मसुदा बदलला, आणि १३ ऑक्टोबरला तो पुन्हा लोकांपुढे ठेवला. या वेळी तो मंजूर झाला. पण जवळजवळ एक तृतीयांश मतदार मतदानाला फिरकलेच नाहीत. नाखुशीने दिलेला का होईना, पण तो होकार होता. आणि तो बदललेल्या मसुद्याला होता, हे विसरू नये.

दुसरा प्रसंग १९६९ सालचा. जनरल द गोल राष्ट्राध्यक्ष होते. सिनेटची रचना बदलावी आणि प्रांतांना अधिकार द्यावेत, असा त्यांचा प्रस्ताव होता. तुम्ही तो नाकारलात तर मी पदावर राहणार नाही, हेही त्यांनी आधीच सांगून टाकले होते. २७ एप्रिलला ५२ टक्क्यांहून अधिक लोकांनी 'नाही' म्हटले. मध्यरात्र उलटल्यावर लगेच त्यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. किती मोठे असावे? अवघी दोन वाक्ये: राष्ट्राध्यक्षपदाचे काम मी थांबवीत आहे, हा निर्णय आज दुपारी बारा वाजता अमलात येईल. कारणमीमांसा नाही, लोक कुठे चुकले याची चर्चा नाही. द गोल यांचे सगळेच राजकारण मला पटते असे नाही. त्यांनी सार्वमताला स्वतःवरच्या विश्वासाची कसोटी करून टाकली, आणि हा पायंडा पुढे फ्रान्सला महागात पडला, असे माझे मत आहे. पण त्या रात्रीच्या दोन वाक्यांपुढे मान लवते.

आता मुख्य कथा. २००४ च्या ऑक्टोबरात युरोपातल्या २५ देशांच्या प्रमुखांनी रोममध्ये एका करारावर सह्या केल्या. युरोपसाठी राज्यघटना, असे त्याचे नाव. मसुदा करणाऱ्या परिषदेचे अध्यक्ष होते फ्रान्सचे माजी राष्ट्राध्यक्ष व्हालेरी जिस्कार देस्तँ. कलमे ४४८! त्यांतली तीनशेहून अधिक कलमे तिसऱ्या भागात, व्यापार-बाजारपेठेच्या धोरणांविषयीची. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी यावर सार्वमत घ्यायचे ठरवले. कुणी सक्ती केली नव्हती. संसदेतून मंजुरी घेऊन त्यांना मोकळे होता आले असते.

संसदेत काय घडले ते पाहा. या करारासाठी आधी फ्रान्सची स्वतःची घटना दुरुस्त करावी लागणार होती. २८ फेब्रुवारी २००५ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात दोन्ही सभागृहे एकत्र बसली. बाजूने मते ७३०, विरुद्ध ६६. सत्ताधारी उजवे बाजूने, विरोधी समाजवादी पक्षाचे नेतृत्वही बाजूने. पॅरिसच्या एका साप्ताहिकाने तर दोन्ही पक्षांच्या नेत्यांचा, सार्कोझी आणि ओलाँद यांचा, शेजारी-शेजारी फोटो छापला. लोकांनी तो पाहिला आणि काय ते समजून घेतले.

सरकारने घटनेचा मजकूर प्रत्येक मतदाराच्या घरी पोस्टाने पाठवला. आणि गंमत अशी, की लोकांनी तो वाचायला घेतला! घटनेवरची पुस्तके हातोहात खपू लागली. मार्सेयच्या एका शाळेत कायदा आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकाने कलम-कलम तपासून, आपला विरोध का आहे, हे लिहून इंटरनेटवर ठेवले. कोणत्याही पक्षाचा नसलेल्या या मास्तरचे टिपण हजारो लोकांनी वाचले. शिक्षक बंधुभगिनींनो, त्याची सगळी मते बरोबर होती असे मी म्हणत नाही. पण घटनेचा मसुदा समोर घेऊन बसलेला मास्तर मला तरी आपल्यातलाच वाटतो.

त्या काळात फ्रान्समध्ये बेकारी दहा टक्क्यांच्या आसपास होती. पूर्व युरोपातले देश संघात नुकतेच आले होते. तिकडचा कारागीर कमी मजुरीत इकडे येऊन काम नेईल, या धास्तीतून 'पोलिश प्लंबर' हे एक बुजगावणे उभे राहिले. सेवाव्यापार खुला करण्याच्या प्रस्तावाचे जनक बोल्केस्टाइन हे डच गृहस्थ. उत्तर फ्रान्समध्ये त्यांचे एक घर होते. ते म्हणाले, पोलिश प्लंबर आला तर मला हवाच आहे, इथे माणूस मिळत नाही. झालं! तिथल्या वीज कामगारांनी त्यांच्या घराची वीज तोडून टाकली. पुढे पोलंडच्या पर्यटन खात्याने एका देखण्या प्लंबरचे चित्र छापून जाहिरात केली, की मी पोलंडातच राहतो आहे, तुम्हीच इकडे या. हसण्याजोगी गोष्ट, पण ज्याची नोकरी जाणार असते त्याला हसू येत नाही.

१४ एप्रिलला शिराक यांनी राजवाड्यात ८३ तरुण-तरुणींना बोलावून टीव्हीवर त्यांच्याशी चर्चा केली. मुले घटनेपेक्षा नोकरीबद्दल, भविष्याबद्दल विचारू लागली. राष्ट्राध्यक्ष त्यांना म्हणाले, घाबरू नका. आणि या तरुणांना एवढी भीती का वाटते हे आपल्याला समजत नाही, त्याचे दुःख होते, असेही म्हणाले. घरातला कर्ता पुरुष मुलांसमोर बसून 'तुम्हांला काय झालंय ते मला कळत नाही' असे म्हणतो, तेव्हा त्याचा हेतू प्रेमळ असला तरी घरात शांतता पसरते. माझ्या मते त्या रात्रीच निम्मा निकाल लागला.

२९ मे २००५. मतदान ६९ टक्के. 'नाही' म्हणणारे ५४.६७ टक्के. पॅरिस शहराने दोन तृतीयांश मतांनी 'हो' म्हटले. कामगारांपैकी मात्र सुमारे पाचात चार जणांनी 'नाही' म्हटले. शेतकऱ्यांनीही, युरोपकडून मोठे अनुदान मिळत असताना, बहुसंख्येने 'नाही'च म्हटले. संसदेतले ७३० आणि ६६ हे आकडे आठवतात ना? तीन महिन्यांत प्रतिनिधी आणि प्रजा यांच्यामधली दरी साऱ्या जगाने पाहिली. तीन दिवसांनी, १ जूनला, नेदरलँड्समध्ये ६१.५ टक्के लोकांनी तीच घटना नाकारली. तिथे तर दोनशे वर्षांतले ते पहिलेच राष्ट्रीय सार्वमत. प्रचारात तिथल्या एका मंत्र्याने बजावले होते, की 'नाही' म्हणाल तर दिवे विझतील. दिवे काही विझले नाहीत.

मग सुरू झाले खुलासे. शिराक टीव्हीवर आले आणि म्हणाले, हा तुमचा सार्वभौम निर्णय आहे, मी त्याची नोंद घेतो. राजीनामा देणार नाही, हे त्यांनी आधीच सांगितले होते. दोन दिवसांनी पंतप्रधान रफारँ गेले आणि द व्हिलपँ आले. नव्या पंतप्रधानांनी लोकांचा विश्वास परत मिळवायला शंभर दिवसांची मुदत स्वतःलाच घालून घेतली. लक्झेंबर्गचे पंतप्रधान युंकर त्या सहामाहीत युरोपीय परिषदेचे अध्यक्ष होते. मतदानापूर्वीच ते म्हणाले होते, की 'हो' आले तर आपण पुढे जाऊ, 'नाही' आले तर काम चालू ठेवू. निकालानंतर जूनमध्ये त्यांनी आणखी सांगितले, की फ्रेंच आणि डच लोकांनी हा घटना-करार खरोखर नाकारला असे मला वाटत नाही. ज्याने रांगेत उभे राहून 'नाही'ची चिठ्ठी टाकली, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल?

तो राग कागदावर उतरलेला आहे. 'लिबेरासियाँ' हे डाव्या विचारांचे पॅरिसचे दैनिक. त्याचे संपादक सेर्ज ज्युली यांनी निकालाच्या दुसऱ्या दिवशी अग्रलेख लिहिला आणि 'नाही' म्हणणाऱ्यांनी स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला, असा त्यांच्यावर ठपका ठेवला. संतापलेल्या वाचकांच्या पत्रांचा पाऊस पडला. ही माणसे परकी नव्हती. वर्षानुवर्षे हेच पत्र विकत घेणारी होती. आम्ही विचार करून मत दिले, आम्हांला मूर्ख म्हणू नका, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा.

आणि त्यांनी विचार केला होता का? युरोपीय आयोगाने निकालानंतर जी पाहणी केली तीत फ्रान्समधल्या ३१ टक्के विरोधकांनी नोकऱ्यांवरचा परिणाम हे कारण दिले, २६ टक्क्यांनी देशाची बिकट आर्थिक स्थिती. सरकारला किंवा राष्ट्राध्यक्षांना विरोध म्हणून मत दिले असे सांगणारे १८ टक्केच. नेदरलँड्समध्ये मात्र ३२ टक्के लोक म्हणाले, आम्हांला पुरेशी माहितीच मिळाली नाही. म्हणजे 'लोकांना समजलं नाही' हा खुलासा एका देशात थोडाफार खरा, तर दुसऱ्यात बराचसा खोटा. पण पुढाऱ्यांनी तो सगळीकडे सारखाच वापरला.

पुढाऱ्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. 'नाही' हा शब्द एकच, पण त्याच्या मागे डावे होते ते बाजारपेठेच्या भीतीने आणि उजवे होते ते राष्ट्राच्या अभिमानाने. या दोघांना एकत्र खूश करील असा दुसरा मसुदा कोण लिहिणार? शिवाय 'नाही' प्रश्नाला असते की प्रश्न विचारणाऱ्याला, हे ओळखणे सोपे नाही. गोव्यात १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात १,७२,१९१ लोकांनी विलीनीकरणाविरुद्ध आणि १,३८,१७० लोकांनी बाजूने मत दिले. आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत, विलीनीकरण मागणाऱ्या दयानंद बांदोडकरांच्याच पक्षाला लोकांनी पुन्हा सत्तेवर बसवले. तिथे लोकांनी प्रश्न आणि माणूस वेगळे केले होते.

युरोपात पुढे असे झाले. प्रचारात सांगितले होते, की दुसरी योजना नाही, हीच घटना. दोन वर्षांनी दुसरी योजना निघालीच. घटना हे नाव, ध्वज, राष्ट्रगीत गाळले आणि बराचसा आशय ठेवून लिस्बनचा करार तयार झाला. १३ डिसेंबर २००७ रोजी सह्या झाल्या. सार्कोझी यांनी २००७ च्या निवडणुकीतच सांगितले होते, की असा करार मी संसदेतून मंजूर करीन. म्हणजे त्यांनी फसवले असे म्हणता येणार नाही. ४ फेब्रुवारी २००८ ला पुन्हा तेच व्हर्साय: बाजूने ५६०, विरुद्ध १८१. तरी २००५ मध्ये मत दिलेला सामान्य फ्रेंच माणूस एवढेच म्हणत राहिला: मला विचारलं होतं, मी उत्तर दिलं होतं, त्याचं काय झालं?

आयर्लंडमध्ये मात्र लोकांना विचारणे भागच होते. १२ जून २००८ ला तिथे ५३.४ टक्के लोकांनी 'नाही' म्हटले. 'समजत नसेल तर नाही म्हणा' ही विरोधकांची घोषणा. आणि समजणार तरी कसे? पंतप्रधान ब्रायन कोवेन यांनी आपण करार अथपासून इतिपर्यंत वाचलेला नाही असे कबूल केले, आणि युरोपीय आयोगावरचे आयर्लंडचे सदस्य मॅक्रीव्ही म्हणाले, शहाणा माणूस तो वाचणारच नाही! मास्तरच म्हणू लागला की मी धडा वाचला नाही, तर पोरांनी काय करावं? मग सरकारने पाहणी केली, लोकांच्या शंका शोधल्या, आणि तटस्थता, कर, गर्भपात या विषयांवर युरोपकडून हमी आणली. आयोगावरचा आपला सदस्य कायम राहील हेही पदरात पाडून घेतले. मधल्या काळात आर्थिक मंदीने देश हादरला होता. २ ऑक्टोबर २००९ ला कौल पुन्हा लावला. ६७ टक्के 'हो'. मी या दुसऱ्या कौलाला सरसकट नावे ठेवणार नाही. निदान पहिल्या नकाराची कारणे विचारली गेली आणि काही तरी हातात घेऊन पुढारी लोकांकडे परत गेले. १९४६ च्या फ्रान्सशी त्याचे थोडे नाते आहे.

लिस्बनचा करार १ डिसेंबर २००९ पासून लागू झाला. २००५ नंतर २०२४ अखेरपर्यंत फ्रान्समध्ये एकही देशव्यापी सार्वमत झाले नाही. नेदरलँड्समध्ये २०१५ पासून लोकांना सल्लादर्शक सार्वमत मागण्याचा हक्क देणारा कायदा आला. ६ एप्रिल २०१६ ला युक्रेनशी करायच्या करारावर मतदान झाले. ३२ टक्केच लोक आले आणि त्यांतल्या ६१ टक्क्यांनी 'नाही' म्हटले. २०१८ मध्ये तो कायदाच रद्द करण्यात आला. आणि रद्द करणाऱ्या कायद्यावर सार्वमत मागता येणार नाही, अशी तरतूद त्यातच करून ठेवली होती.