भास्कराचार्यांचें कोरीव चित्र

युरोपांत विद्वानाचें चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरून त्याचे ठसे काढण्याची चाल जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जाक द गेन यानें कोरलेलें ज्योतिषी टायको ब्राहे याचें चित्र या प्रकारांत प्रसिद्ध आहे. प्रथम दृष्टि जाते ती त्याच्या लांब मिशांकडे. पण जाणता प्रेक्षक वळतो तो सभोंवारच्या कमानीकडे. तिच्यावर टायकोच्या पूर्वजांचीं ढालचिन्हें व कुलनामें आहेत. हा ज्योतिषी थोर सरदारकुळांतला, हें चेहऱ्याहून ती चौकटच अधिक स्पष्टपणें सांगते.

मग आपल्या भास्कराचार्यांचें चित्र कोठें पाहावें? पुस्तकांतून दिसणारी त्यांची मुद्रा ही चित्रकाराची कल्पना होय. परंतु अमळनेरच्या दक्षिणेस, चाळीसगांवाजवळ पाटण येथें, भवानीच्या देवळांतील एक शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं विद्वानांच्या नजरेस आणला व पुढें कीलहॉर्न यांनीं संपादिला. शके ११२८ चा उल्लेख असलेला हा लेख म्हणजे आचार्यांचें अक्षरांनीं कोरलेलें चित्रच आहे. आणि तेंही चौकटीपासूनच वाचावयास हवें.

येथेंही चौकटींत कुळ आहे. त्रिविक्रमापासून आचार्यांचे वडील महेश्वर यांच्यापर्यंत पूर्वज ओळीनें येतात. मात्र त्यांची ओळख पटते ती त्यांच्या विद्येनें. मध्यभागीं आचार्य आहेत. पण गणिताबरोबरच मीमांसा, सांख्य, वैशेषिक, वेद अशा नाना विद्यांचें प्रभुत्व त्यांच्या ठायीं वर्णिलें आहे. स्तुतींतील अतिशयोक्ति वजा केली, तरी ज्योतिषी हा सर्वशास्त्रज्ञ पंडित असावा, ही त्या काळाची अपेक्षा उरतेच.

पुढें पुत्र लक्ष्मीधर येतो. त्याला यादव राजा जैत्रपाल यानें ‘या नगरांतून’ नेऊन पंडितांचा अग्रणी केलें. या दोन शब्दांवरून पाटण हेंच आचार्यांचें गांव ठरविण्याचा मोह होतो. पण ते शब्द पुत्राविषयींचे आहेत. १११४ सालीं जन्मलेले व वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं ‘सिद्धांतशिरोमणि’ रचणारे आचार्य स्वतः आपलें गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड असें सांगतात. आणि त्याच्या स्थानाविषयीं अभ्यासकांत मतभेद आहेत. चित्रांत जेवढें कोरलें आहे, त्यापलीकडची रेघ पाहणाऱ्यानें आपल्या हातानें ओढूं नये.

या चित्राचा हेतु शेवटीं उलगडतो. नातू चंगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ नित्य शिकविले जावेत म्हणून त्यानें मठ स्थापिला आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें. येथवर संस्कृत श्लोक चालतात. परंतु बाजारांतील माल व तेलाचे घाणे यांवरील मठाचा हक्क सांगतांना लेख जुन्या मराठींत उतरतो. कारण उघड आहे. स्तुति पंडितांसाठीं होती. तेल द्यावयाचें होतें तेल्यानें, आणि त्याला तें समजणें अवश्य होतें. म्हणूनच त्या ओळींत अतिशयोक्तीला जागा उरली नाहीं. आचार्यांचें सर्वांत विश्वसनीय दर्शन तेथें घडतें: ज्याचे ग्रंथ मागें चालू राहावेत म्हणून एका गांवाच्या पेठेनें आपल्या मिळकतीचा अंश वेगळा काढला, असा तो विद्वान.

पुढें सात शतकांनीं, १९१६ सालीं, त्याच खानदेशांत अमळनेर येथें गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या औदार्यानें तत्त्वज्ञान मंदिर उभें राहिलें. पाटणास घाण्याचें तेल होतें, येथें गिरणीचा पैसा होता. विद्येच्या दिव्याला वात कोणाचीही असो, तेल पेठेनेंच पुरविलें.